सातारा-कराड रोजची टियागो ईव्ही आणि घरचं लाइटबिल

गाडी टाटाची टियागो ईव्ही. मोठी, म्हणजे २४ युनिटची बॅटरी, सोबत साधा ३.३ किलोवॅटचा चार्जर. मार्च २०२३ मध्ये घेतली, मीटर आता ऐंशी हजाराच्या घरात आलाय. राहायला साताऱ्यात, नोकरी कराडला बँकेत, त्यामुळे सुट्ट्या सोडल्या तर शंभरेक किलोमीटरची ये-जा रोजची. गाडी दिसते कशी, गाण्यांचा आवाज कसा, टचस्क्रीन केवढा, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत. महिनाअखेरीला लाइटबिल हातात आल्यावर काय होतं ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी घेतानाचा हिशोब. तेव्हा पेट्रोल टियागोचं याच तोडीचं मॉडेल रस्त्यावर येईपर्यंत सव्वासात-साडेसात लाखाला पडत होतं. इलेक्ट्रिक पावणेअकराला पडली. पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स आहे, इलेक्ट्रिकला तो माफ, जीएसटी ५ टक्के, आणि हे सगळं धरूनही फरक सव्वातीन लाखांचा. कर्ज ३१ मार्च २०२३ च्या आत मंजूर झाल्यामुळे कलम ८०ईईबीखाली व्याजाची वजावट मिळते, दीड लाखापर्यंत, तीही जुन्या करप्रणालीत राहिलं तरच. आता नव्याने कर्ज काढणाऱ्याला ती नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि इलेक्ट्रिकचा होता तिथेच राहिला. म्हणजे शोरूममध्ये हातातून जाणाऱ्या पैशाचा विचार केला तर आजच्या गिऱ्हाईकाला माझ्यापेक्षा सौदा जरा महागच आहे.

त्यात गंमत अशी की मी गाडी घेतली त्याच महिन्यात, १७ मार्चपासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या शाखेतले मामा अजून ऐकवतात, "मॅडम, सरकारनं तुमच्यासाठी तिकीट निम्मं केलं आन् तुम्ही त्याच महिन्यात दहा लाखाची गाडी आणली." पैशाचाच हिशोब असेल तर मामांचं बरोबर आहे. कराडला जायला एसटीपेक्षा स्वस्त काहीच नाही. पण संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत बँकेतून सुटता येत नाही आणि त्यानंतर स्टँडवर उभं राहून जी मिळेल ती गाडी पकडायची, हे बरीच वर्षं करून झालंय.

आता गाडी एका चार्जिंगमध्ये जाते किती. कंपनीचा आकडा ३१५ किलोमीटरचा. तो ठरावीक वेगाच्या, ठरावीक चढउताराच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो आणि सगळ्याच कंपन्यांचे आकडे तसेच निघतात. मला एसी लावून, सत्तर-ऐंशीच्या वेगाने, साधारण दोनशे-दोनशे दहा मिळतात. शंभरवर नेली की पावणेदोनशेवर येते. पेट्रोल गाडीची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं, कारण ती हायवेला चांगलं ॲव्हरेज देते आणि गावात खाते. इलेक्ट्रिकचं नेमकं उलट. वेग वाढला की वाऱ्याशी झुंजण्यातच बॅटरी खर्च होते, आणि अडकत-अडकत चाललं की ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीचं काम काढल्यापासून नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज करत, कधी सर्व्हिस रोडने तर कधी डायव्हर्जनच्या धुळीतून जावं लागतं. त्या दिवसांत सहकाऱ्यांच्या डिझेल गाड्यांचं ॲव्हरेज बसलं आणि माझी गाडी एका चार्जिंगमध्ये सव्वादोनशेच्या वर जायला लागली. त्या रस्त्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं मला एवढंच सापडलंय.

रोज घरी परतेपर्यंत निम्म्याच्या आसपास बॅटरी उरते. रात्री जेवणं झाली की प्लग लावायचा. चार-साडेचार तासांत पुन्हा भरते. मोबाइलसारखंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते तो प्लग भिंतीत बसेपर्यंतचं.

आमचं घर शाहूपुरीत, सासऱ्यांनी बांधलेलं, वायरिंग बरंचसं तेव्हाचंच. गाडी आली, चार्जर जोडला, आणि लाल दिवा. चार्जरची काही तक्रार नव्हती, तो त्याचं काम करत होता. अर्थिंग मिळालं नाही की तो वीज आत घेतच नाही. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला दोन वायरी लावलेला शंभरचा बल्ब काढला, एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगच्या भोकात. बल्ब पेटला खरा, पण आतली तार नुसती तांबडी होऊन राहिली. "मॅडम, हे अर्थिंग नुसतं नावाला आहे," म्हणाला. बोर्ड उघडला तर हिरवी वायर मुख्य बोर्डापर्यंत येत होती आणि तिथून खाली जाणारी पट्टी गंजून तुटलेली. म्हणजे इतकी वर्षं फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन सगळं देवाच्या भरवशावर चाललेलं. कंपाउंडच्या कडेला पुरुषभर खड्डा खणला, तांब्याची प्लेट सोडली, मीठ-कोळशाचे थर दिले, वर पाणी घालायला पाइप काढला. मग तोच बल्ब लख्ख पेटला. मीटरपासून थेट चार स्क्वेअरची वेगळी वायर ओढली, वेगळी एमसीबी आणि जाड पिनांचा इंडस्ट्रियल सॉकेट बसवला. हा सॉकेटही महत्त्वाचा आहे. आपल्या घरातला गीझरचा पॉइंट पंधरा-वीस मिनिटं चालायच्या हिशोबाने बसवलेला असतो. त्यातून चार-पाच तास सलग तेवढाच करंट गेला की पिना तापतात आणि प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं. सगळं मिळून काही हजार गेले आणि ते कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हते. उन्हाळ्यात त्या पाइपात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं काम सासूबाईंनी आपण होऊन घेतलंय. तुळशीला घातलं की तिकडे.

आता बिल. शोरूममध्ये सांगतात, "किलोमीटरला एक रुपया." हा एक रुपया महाराष्ट्रात कुठल्या घरी पडतो ते मला बघायचंय. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा खर्च) धरून पहिल्या शंभर युनिटला साधारण सहा रुपये, शंभर ते तीनशेला साडेअकराच्या जवळ, तीनशे ते पाचशेला पावणेसोळा, आणि पाचशेच्या वर गेलात तर सतराच्याही पुढे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, आणि ज्या महिन्यात असेल त्या महिन्यात इंधन समायोजन आकार. दर नंतर बदलले, पण टप्प्यांची पद्धत तीच आहे.

आमच्या घराचं बिल गाडीआधी एकशेवीस युनिटच्या आगेमागे यायचं. म्हणजे स्वस्त टप्पा घरानेच संपवलेला. गाडीसाठी महिन्याला साडेतीनशे ते पावणेचारशे युनिट लागतात. चार्जिंग करताना दहा-पंधरा टक्के वीज वायरीत आणि चार्जरच्या उष्णतेत जाते, तीही मीटरवर चढतेच, गाडीच्या स्क्रीनवर मात्र दिसत नाही. तर गाडीचं प्रत्येक युनिट पडतं साडेअकराच्या नाहीतर पावणेसोळाच्या टप्प्यात. शुल्कासकट महिन्याला पावणेसहा-सहा हजार रुपये बिल वाढलं. किलोमीटरला दोन रुपयांच्या वर.

तरीही गाडी परवडते, आणि का परवडते तेही सांगते. तेवढंच अंतर पेट्रोलवर, लिटरला अठरा किलोमीटर आणि एकशेचार रुपये दर धरला, तर महिन्याला चौदा हजारांच्या आसपास जातं. आठ-साडेआठ हजार वाचतात, वर्षाला लाखाच्या आसपास. सव्वातीन लाखांचा फरक, त्यावरचं व्याज, अर्थिंग-वायरिंग, सगळं धरून साडेतीन-चार वर्षांत भरून निघतं. पण हे माझं, वर्षाला अठ्ठावीस-तीस हजार किलोमीटर पळणारीचं. रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालणारा माणूस हाच हिशोब मांडेल तर त्याला नऊ-दहा वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरीची वॉरंटी संपलेली असेल. वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. माझे किलोमीटर आधी संपणार, पाच-साडेपाच वर्षांत. घरून दुकान आणि दुकानातून घर करणाऱ्याची वर्षं आधी संपणार. कमी चालवायची म्हणून इलेक्ट्रिक घेतो, असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी त्यांच्यासमोर कॅल्क्युलेटर सरकवते.

सीएनजीशी तुलना टाळून चालणार नाही. किलोला पंचवीस किलोमीटर धरले तर सीएनजी साडेतीन-पावणेचार रुपये किलोमीटरने पडतो, गाडी लाखाने वगैरे महाग, आणि कुठे अडकायची भीती नाही, कारण सीएनजी संपला तर पेट्रोल आहेच. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला मी सीएनजीच सांगेन. डिकी जाते आणि पंपावर रांगेत थांबावं लागतं, एवढी तयारी हवी.

बिलावर दोन उपाय आहेत. एक, गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं मीटर. त्याचा वर्ग वेगळा, त्यात घरगुतीसारखे टप्पे नाहीत. स्थिर आकार मात्र दुसरा भरावा लागतो. दुसरा, छतावर सोलर. आम्ही दुसरा निवडला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं, ते वजा जाता लाखाच्या जरा वर खर्च आला. तीन किलोवॅटमधून महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट निघतात, पावसाळ्यात निम्मे. दिवसा गाडी कराडला बँकेखाली उभी, वीज इथे छतावर तयार होतेय. ती महावितरणला जाते, नेट मीटरवर जमा होते, रात्री आपण तीच वापरतो. म्हणजे गाडीची युनिट पावणेसोळाच्या टप्प्यातून उठून थेट बाहेर. या एका गोष्टीने माझं बिल गाडी घ्यायच्या आधी होतं त्याच्या आसपास परत आलं. आता स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे सवलतही मिळते, पण गाडी घेऊन नोकरीवर जाणाऱ्याला तिचा उपयोग रविवारीच. आणि मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, तो तपासून घ्या. गाडी चार्जिंगला, गीझर चालू आणि वर पाण्याची मोटर, असं तिन्ही एकदम झालं की आमच्याकडे मेन ट्रिप व्हायचा. भार वाढवून घेतला, तरी सकाळच्या अंघोळी सुरू व्हायच्या आत चार्जिंग उरकलेलं असतं.

कराड झालं. पुण्याचं मात्र थोडं वेगळं. सातारा-पुणे एकशेदहा किलोमीटर, जाऊन-येऊन सव्वादोनशे, आणि हायवेला माझी गाडी दोनशेची. वीस-पंचवीस किलोमीटरसाठी घोडं अडतं. जाताना आपण खंबाटकीच्या बोगद्यातून जातो, येताना घाट चढायचा, म्हणजे परतीला बॅटरी कमी आणि खर्च जास्त. चढाचा हिशोब सोपा आहे. चार माणसांसह गाडीचं वजन साधारण साडेचौदाशे किलो; सहाशे मीटर उंची चढायला अडीच युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे नुसतं वर उचलायला बॅटरीचा दहावा हिस्सा. मेढ्यावरून महाबळेश्वरला गेलं की हे स्क्रीनवर उघड दिसतं. केळघरचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात, परतीला उतारावर त्यातले निम्म्याहून जास्त परत येतात. फक्त वरून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली नको, नाहीतर उताराची वीज साठवायला जागाच नसते आणि मग आपले साधे ब्रेकच तापवत यायचं.

तर पुण्याला गेलं की कुठेतरी भरणं आलं. बाहेरच्या डीसी, म्हणजे वेगाने भरणाऱ्या, चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के व्हायला तासभर लागतो. ही गाडी त्याहून वेगाने घेत नाही, चार्जर कितीही मोठा असला तरी. दर युनिटला अठरा ते पंचवीस, त्यात १८ टक्के जीएसटी. म्हणजे बाहेर चार्ज केलं की किलोमीटरला तीन रुपये, सीएनजीच्या शेजारी जाऊन बसलो. पैशाचं एक वेळ चालेल. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात आधी पैसे भरायचे, आणि वापरून उरलेले पाच-पन्नास रुपये तिथेच पडून राहतात. परवा खंडाळा-शिरवळच्या पट्ट्यात एका हॉटेलच्या आवारात थांबलो. ॲपवर चार्जर हिरवा. समोर जाऊन बघते तर त्याच्यापुढे एक डिझेल एसयूव्ही आडवी लावून मंडळी मिसळ खायला गेलेली. त्यांना शोधून, विनवून गाडी काढायला लावली, गन लावली, आणि चार मिनिटांत स्क्रीन काळा. हेल्पलाइनवरचा मुलगा अदबीने म्हणाला, "मॅम, प्लीज इमर्जन्सी बटन दाबून रीस्टार्ट करा." दाबलं. मग मात्र व्यवस्थित चाललं. सोबत आमच्या आई होत्या. त्यांनी तेवढ्यात हॉटेलवाल्याच्या बायकोशी ओळख काढून माहेरचं गावही शोधून काढलं होतं. असल्या थांब्याला त्यांच्याइतका सराव सगळ्यांना नसतो. लहान मुलं घेऊन रात्री निघणार असाल तर पुढचा चार्जर बंद निघाला तर त्याच्या पुढचा कुठे, हे निघायच्या आधीच बघून ठेवा.

टोलचं विचारतात. ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफीची बातमी आली तेव्हा अर्ध्या कराडने माझं अभिनंदन केलं. माफी अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीसाठी. आमच्या वाटेवरचे तासवडे आणि आनेवाडी हे टोलनाके राष्ट्रीय महामार्गावरचे, तिथे आपण इतरांसारखेच. त्याच महिन्यात आलेला फास्टॅगचा वार्षिक पास मात्र घेतला. तेव्हा ३ हजारांत दोनशे खेपा होत्या, म्हणजे एका वेळचे पंधरा रुपये. नाव वार्षिक असलं तरी रोज ये-जा करणाऱ्याचा चार महिन्यांत संपतो आणि परत भरावा लागतो.

चालवायला ही गाडी हलकी आहे. गिअर नाही, क्लच नाही, उंब्रजच्या गर्दीत डावा पाय दुखत नाही. स्पोर्ट मोडवर ओव्हरटेक करताना ट्रकवाले दचकतात. ब्रेकचं रिजनरेशन, म्हणजे मंदावताना वीज परत बॅटरीत घेणं, वाढवून ठेवलं की पाय उचलला तरी गाडी चांगली मंदावते, त्यामुळे ब्रेक पॅड अजून शोरूममधलेच आहेत. सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही. कूलंट, ब्रेक ऑइल आणि एसीचा फिल्टर बघतात, बिल पेट्रोल गाडीच्या निम्म्याहून कमी. टायर मात्र लवकर झिजतात, सगळा जोर पहिल्या क्षणालाच लागतो त्यामुळे. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सवलत आहे, पण गाडीची किंमतच जास्त म्हणून एकूण हप्ता जास्तच. स्टेपनी नाही, पंक्चर किट येतो. डांबर-खडीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने एक जादा टायर घेऊन घरी ठेवावा, आणि लांबच्या प्रवासाला डिकीत टाकावा. डिकी भरते, पण जीव निवांत राहतो. एक सूचना, गावातून जाताना हॉर्नला कंजुषी करू नका. आवाज येत नाही म्हणून म्हातारी माणसं आणि कुत्री दोघंही रस्त्यातून हलत नाहीत.

बॅटरी किती उतरली, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझ्या वापरात नवी असताना जिथे दोनशे दहा जायची तिथे आता दोनशेच्या थोडी खाली जाते. रोजच्या शंभराला त्याने काही फरक पडत नाही, पुण्याला पडतो. शक्यतो वीस टक्क्यांच्या खाली नेत नाही आणि डीसी चार्जर नाइलाज असेल तेव्हाच वापरते.

पुण्याच्या दाजींना माझी गाडी बघून इलेक्ट्रिकच हवी होती. त्यांचा फ्लॅट सिंहगड रोडला, जुनी सोसायटी, पार्किंग चिठ्ठी टाकून ठरतं आणि दर वर्षी बदलतं. मीटर रूम एका टोकाला, त्यांची जागा दुसऱ्या. केबल कोणाच्या भिंतीवरून न्यायची यावर दोन सर्वसाधारण सभा झाल्या, सेक्रेटरी बदलले, ठराव तसाच. ऑफिस सात किलोमीटरवर. ताईचं म्हणणं, घेऊन तर टाकू, चार्जिंगचं नंतर बघू. मी त्यांना बसवून महिन्याचे किलोमीटर काढायला लावले आणि सीएनजी गाडी घ्यायला सांगितलं. कर्जाचे कागद आमच्याच शाखेत झाले. आता मी पुण्याला गेले की त्यांच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या पॉइंटवरून रात्रभर चार्ज करते, युनिटमागे पंधरा रुपये ठरलेत, आणि निघताना सबमीटरचा फोटो त्यांना पाठवते.